पीसीओएस : उपाशीपोटीच्या साखरेवर विसंबू नये

मा. संपादक,
स. न.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत नुकताच पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमवर (पीसीओएस), म्हणजे घरोघरी ज्याला ‘पीसीओडी’ म्हणतात त्या विकारावर, पानभर लेख प्रसिद्ध झाला. अनियमित पाळी, मुरुमे, हनुवटीवरील केस आणि गर्भधारणेतील अडचण यांची माहिती त्यात नेमकी होती. मात्र या विकारात रक्तातील साखर आणि चरबी यांचे काय होते, या प्रश्नाला शेवटी जेमतेम एक वाक्य मिळाले. आणि त्याच पानाच्या तळाशी चाळिसांहून अधिक रक्तचाचण्यांच्या ‘महिला विशेष’ पॅकेजची जाहिरात होती. मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले असून या मुलींचे अहवाल प्रयोगशाळेच्या आतल्या बाजूने अनेक वर्षे पाहत आले आहे. या मुलींची जी तपासणी व्हायला हवी ती बहुधा होत नाही आणि जिची फारशी गरज नाही तिच्यावर आईवडिलांचे पैसे खर्च होतात, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

हा आजार अंडाशयाचा, म्हणून तो स्त्रीरोगतज्ज्ञांचा, अशी समजूत पडण्यास इतिहासही कारण आहे. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांच्या वाढलेल्या अंडाशयांचे वर्णन केले आणि पुढे अनेक वर्षे विकार त्यांच्याच नावाने ओळखला गेला. वास्तविक त्यापूर्वीच, १९२१ मध्ये, पॅरिसच्या आशार आणि तिएर यांनी दाढी असलेल्या स्त्रीमधील मधुमेहाची नोंद केली होती. साखर आणि पुरुषी संप्रेरके यांची सांगड तेव्हाच दिसली होती, पण तिच्याकडे गांभीर्याने पाहण्यास १९८० उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील संशोधकांनी या स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन आणि पुरुषी संप्रेरके एकमेकांच्या बरोबरीने वाढलेली असतात, हे दाखवून दिले.

त्यामागील यंत्रणा आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासे झाले की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवते आणि साखर काही वर्षे ताब्यात ठेवते. अंडाशय मात्र या वाढीव इन्सुलिनला दाद देतच राहते आणि त्याच्या प्रभावाखाली टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरके जास्त तयार करते. त्याच वेळी यकृत एक विशिष्ट प्रथिन कमी बनवू लागते. हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवत असते. ते घटले की मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण वाढते आणि मुरुमे, लव, केस गळणे, पाळी लांबणे ही लक्षणे दिसू लागतात. मानेच्या मागे आणि काखेत त्वचा काळवंडून मखमलीसारखी जाड होते तीही याच वाढीव इन्सुलिनमुळे; ती घासून निघत नाही, त्यामुळे ‘नीट अंघोळ करत जा’ असे मुलीला ऐकवणे अन्यायाचे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पाळीच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेलेल्या मुलीची साखर तपासलीच तर बहुतेक वेळा ती उपाशीपोटी तपासली जाते, ९० किंवा ९५ असा आकडा येतो आणि ‘शुगर नॉर्मल आहे’ असे सांगून विषय संपवला जातो. या विकारात नेमका हाच आकडा सर्वात उशिरा बिघडतो. रात्रभराच्या उपासानंतरची साखर मुख्यतः यकृत किती ग्लुकोज सोडते यावर ठरते, तर जेवणानंतर रक्तात आलेली साखर खेचून घेण्याचे काम प्रामुख्याने स्नायूंचे असते. इन्सुलिनला होणारा विरोध स्नायूंमध्ये आधी जाणवत असल्याने ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर १६० वर रेंगाळते, पण सकाळी उपाशीपोटी ती पुन्हा ९० वर आलेली असते. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पीसीओएस असलेल्या २५४ मुली आणि स्त्रियांना ग्लुकोज देऊन तपासले असता ३१ टक्क्यांत साखर पचवण्याची क्षमता बिघडलेली आढळली, तर ७.५ टक्के स्त्रियांना मधुमेहच निघाला. केवळ उपाशीपोटीच्या निकषावर थांबले असते तर मधुमेहाचे हे प्रमाण ३.२ टक्केच दिसले असते. म्हणजे निम्म्याहून अधिक मधुमेही स्त्रिया ‘नॉर्मल’ म्हणून घरी परतल्या असत्या.

म्हणूनच २०२३ मध्ये सुधारून प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी या स्त्रियांसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजची सहनशीलता चाचणी सर्वात अचूक मानली आहे, आणि वजन कितीही असो, निदानाच्या वेळी व त्यानंतर जोखीम पाहून एक ते तीन वर्षांनी साखरेची तपासणी पुन्हा करावी, असे म्हटले आहे. ही चाचणी अगदी साधी आहे. किमान आठ तास उपाशी राहून पहिला नमुना द्यायचा, ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचे, दोन तास एका जागी बसायचे आणि दुसरा नमुना द्यायचा. दुसरा आकडा १४० च्या आत हवा. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था, आणि २०० किंवा अधिक म्हणजे मधुमेह. चाचणीच्या आधी तीन दिवस भात-भाकरी बंद करून ‘डाएट’ करू नये, कारण पिष्टमय पदार्थ एकाएकी तोडल्यास निकाल खोटाच जास्त येऊ शकतो. दोन तासांत चहा नको, फेरफटकाही नको. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीची सकाळ जाते हे खरे, पण ती वर्षा-दोन वर्षांतून एकदाच जाते.

यावर ‘तीन महिन्यांची सरासरी साखर करून घेतली आहे, मग ग्लुकोज कशाला प्यायचे?’ असा प्रश्न हमखास येतो. एचबीए१सी ही चाचणी मधुमेहाच्या रुग्णाचे उपचार पाहण्यासाठी उत्तमच आहे. ती मोजते लाल पेशीतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, आणि म्हणून तिचा आकडा पेशी किती दिवस जगते यावरही अवलंबून असतो. लोहाच्या कमतरतेत लाल पेशी अधिक काळ रक्तात राहतात आणि साखर न वाढताही आकडा वर सरकतो; लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या किंवा बराच रक्तस्राव होऊन गेला की नव्या, कोवळ्या पेशींची संख्या वाढते आणि आकडा खाली येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. पीसीओएसमध्ये तर दोन-तीन महिने पाळी न येणे आणि मग ती आली की पंधरा-पंधरा दिवस न थांबणे, हा प्रकार नित्याचा आहे. अशा मुलीच्या अहवालातील ५.८ हा आकडा साखरेमुळे आहे, लोहामुळे आहे की दोन्हींमुळे, हे हिमोग्लोबिन शेजारी ठेवल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकलसेलचे, म्हणजे लाल पेशी लवकर नष्ट होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण लक्षणीय आहेत. त्यांच्या बाबतीत या चाचणीवर भरवसा ठेवूच नये.

नमुना घेण्याच्या पद्धतीबद्दलही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण याकडे वृत्तपत्रांचे लक्ष कधीच जात नाही. रक्त नळीत घेतल्यावरही त्यातील पेशी ग्लुकोज वापरतच असतात, आणि साध्या नळीत ठेवलेल्या नमुन्यातील साखर दर तासाला साधारण पाच ते सात टक्के घटते. म्हणून साखरेसाठी राखाडी बुचाची, फ्लोराइड घातलेली नळी वापरतात, आणि तीत फ्लोराइडचा परिणाम पूर्ण होण्यास वेळ लागत असल्याने नमुना थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत न्यायचा असतो. घरी येऊन रक्त घेणारा तरुण मे महिन्यात सगळ्या नळ्या एकाच पिशवीत घालून दुपारपर्यंत दुचाकीवर हिंडत असेल, तर दोन तासांनंतरचा १४५ हा आकडा अहवालात १३५ होऊन उतरायला वेळ लागत नाही. हा दोष त्या तरुणाचा नाही, त्याला दिवसभराची घरे वाटून देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

पॅकेजमधील सर्वात लोकप्रिय चाचणी म्हणजे उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि त्यावरून काढलेला ‘होमा’ निर्देशांक. इन्सुलिनच या विकाराच्या मुळाशी असताना तेच मोजू नये असे म्हणणे वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण उपरोक्त मार्गदर्शक तत्त्वांनी नेहमीच्या उपचारांत ही मोजणी करू नये असेच सुचवले आहे. इन्सुलिन रक्तात एकसारखे येत नाही, ते काही मिनिटांच्या लाटांनी स्रवते. वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकाच नमुन्याचे वेगवेगळे आकडे देतात, आणि नमुन्यातील लाल पेशी फुटल्या असतील तर इन्सुलिन नष्ट होऊन आकडा खोटाच कमी येतो. होमा काढताना साखर आणि इन्सुलिन यांच्या गुणाकाराला ४०५ ने भागतात. साखर ९० आणि इन्सुलिन १० असेल तर उत्तर २.२ येते, त्याच मुलीचे इन्सुलिन दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या प्रयोगशाळेत १४ भरले की तेच उत्तर ३.१ होते. पहिल्या दिवशी तिला ‘काठावर’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’चा शिक्का बसतो. संशोधनात शेकडो स्त्रियांच्या सरासरीसाठी हे गणित उपयोगी आहे, परंतु एका मुलीचा उपचार त्याने बदलत नाही. आहार, व्यायाम आणि गरजेनुसार मेटफॉर्मिन (इन्सुलिनचा परिणाम सुधारणारे औषध) यांचा निर्णय त्या आकड्यावाचूनही घेता येतो आणि घेतला जातो.

रक्तातील चरबीची तपासणी मात्र टाळू नये, आणि येथे आपल्या देशातील माहिती उपलब्ध आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १८ ते ४० वयोगटातील स्त्रियांत पीसीओएसचे प्रमाण जुन्या कडक निकषांनी सुमारे ७ टक्के, तर सध्या प्रचलित असलेल्या रॉटरडॅम निकषांनी (अनियमित पाळी, वाढलेली पुरुषी संप्रेरके आणि सोनोग्राफीतील अंडाशयांचे चित्र, यांपैकी कोणत्याही दोन बाबी) सुमारे २० टक्के भरले. पीसीओएस असलेल्या स्त्रियांपैकी दहांत नऊ जणींच्या रक्तातील चरबीचा एखादा तरी घटक बिघडलेला होता आणि सुमारे एक-तृतीयांश स्त्रियांच्या यकृतात चरबी साठलेली होती. प्रत्यक्ष मधुमेह आणि त्याची पूर्वावस्था मिळून मात्र आठजणींत एकीच्या आसपासच प्रमाण निघाले. दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांचे आकडे आणि घरोघरी जाऊन निवडलेल्या स्त्रियांचे आकडे असे वेगळे पडणारच, आणि म्हणून ‘पीसीओडी म्हणजे मधुमेह ठरलेलाच’ अशी भीती घालणेही मला मान्य नाही. पण एक गोष्ट यातून दिसते. साखर ठीक असतानाही चरबीचा तोल आधीच गेलेला असू शकतो.

या चरबीच्या अहवालात लोक फक्त एकूण कोलेस्टेरॉल पाहतात आणि ते १८० असले की निर्धास्त होतात. पीसीओएसमध्ये ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि ‘चांगले’ म्हणून ओळखले जाणारे एचडीएल ५० च्या खाली, ही जोडी अधिक बोलकी असते, कारण ती इन्सुलिनच्या विरोधाशी थेट निगडित आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की हानिकारक कणांमधील कोलेस्टेरॉलचा चांगला अंदाज येतो. ही वजाबाकी घरीही करता येते आणि तिच्यासाठी वेगळी चाचणी लागत नाही. पाळी नियमित करणाऱ्या गोळ्यांनी ट्रायग्लिसराइड काहीसे वाढू शकते, त्यामुळे गोळ्या सुरू करण्यापूर्वीचा एक अहवाल हाताशी असणे श्रेयस्कर. कमरेचा घेर आणि रक्तदाब मोजायला तर सुईसुद्धा लागत नाही. घेर ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक, रक्तदाब १३० वर ८५ किंवा अधिक, उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक आणि वर सांगितलेली चरबीची दोन लक्षणे, या पाचांपैकी कोणतीही तीन जुळली की त्याला चयापचयाचा लक्षणसमूह म्हणतात आणि पुढील आयुष्यातील हृदयविकाराचा धोका तेथून मोजायला हवा.

‘आमची मुलगी तर काटकुळी आहे, तिला हे कशाला?’ हा आक्षेप मराठी घरांत फार ऐकू येतो. त्याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले होते. उंचीच्या प्रमाणात वजन काढले तर दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आतून मेदयुक्त अशी भारतीय शरीराची ठेवण जन्मापासूनच असते, हे पुण्याजवळील खेड्यांत झालेल्या त्यांच्या संशोधनाने जगाला दाखवले. वजनकाट्यावर विश्वास ठेवून सडपातळ मुलींना तपासणीतून वगळणे आपल्याकडे म्हणूनच अधिक धोक्याचे आहे.

संप्रेरकांच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात लिहिते. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या चाचण्या दुसरे आजार वगळण्यासाठी लागतात, त्यांना पर्याय नाही. टेस्टोस्टेरॉन स्त्रियांत अत्यल्प असल्याने नेहमीच्या यंत्रांवर ते नीट मोजले जात नाही, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ते मोजण्यात अर्थही नसतो. याखेरीज एक सापळा असा आहे की केस गळतात म्हणून या मुली बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असतात. अनेक यंत्रांतील चाचणीची रचनाच बायोटिनवर आधारित असल्याने थायरॉइडच्या तपासणीतील टीएसएच किंवा इन्सुलिन खोटे कमी, तर टेस्टोस्टेरॉन खोटे जास्त दिसू शकते. औषध म्हणून ती गोळी कोणी सांगत नाही, कारण ती औषध वाटतच नाही. रक्त देण्यापूर्वी ती किमान दोन-तीन दिवस बंद ठेवावी आणि आपण ती घेत होतो हे नमुना घेणाऱ्यास सांगावे. एएमएच ही अंडाशयातील एका संप्रेरकाची महागडी चाचणी आणि सोनोग्राफी या दोन्ही एकदम करण्याची गरज नसते. पाळी अनियमित असून पुरुषी संप्रेरकांची लक्षणे स्पष्ट असतील तर प्रौढ स्त्रीत निदानासाठी यांपैकी एकही लागत नाही, आणि किशोरवयीन मुलींत तर निदानासाठी त्या वापरूच नयेत, कारण त्या वयात अनेक निरोगी मुलींच्या अंडाशयांचे चित्र तसेच दिसते. मुंबईत १५ ते २४ वयोगटातील मुलींची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तीत रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला आणि पुरुषी संप्रेरकांचा आग्रह धरणाऱ्या निकषांनी १०.७ टक्के. निकष बदलताच निम्म्या मुली यादीतून बाहेर पडतात, हे शिक्का मारण्याआधी लक्षात घ्यावे.

शेवटी शासनाच्या आरोग्य विभागाकडे एक मागणी. मधुमेह आणि रक्तदाब यांच्यासाठी गावोगाव होणारी तपासणी वयाच्या तिशीपासून सुरू होते. पीसीओएसच्या स्त्रियांना तिची गरज विशीत असते, आणि तिशीपर्यंत बहुतेकींची बाळंतपणे उरकलेली असतात. दुसरीकडे गर्भवतींसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पूर्वीपासून आहे. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ग्लुकोज द्यावे आणि दोन तासांनी साखर पाहावी, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे ग्लुकोजची पुडी, ग्लुकोमीटर आणि ते वापरणारी परिचारिका ही तयारी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवण्याचे धोरण ठरलेलेच आहे. ज्या अविवाहित वा नवविवाहित मुलीला पीसीओएसचे निदान झाले आहे तिला वयाची अट न लावता त्याच बाकावर बसवायला नवा कार्यक्रम किंवा नवे यंत्र लागणार नाही. फरक इतकाच की तिने उपाशीपोटी यावे आणि ग्लुकोमीटरवर आकडा १४० च्या पुढे दिसला तर शिरेतील रक्ताने त्याची खात्री करावी. गर्भवतीच्या पोटात बाळ आहे म्हणून आपण तिची साखर पाहतो आणि त्याच स्त्रीची साखर लग्नाआधी पाहत नाही, हे धोरण कोणत्या शास्त्रात बसते ते मला समजलेले नाही.

आपल्या पुरवणीच्या पुढील अंकात वर उल्लेखिलेले आकडे एका चौकटीत, शक्यतो जाहिरातीपासून दूर, छापावेत अशी विनंती आहे. त्या चौकटीत मुलींना एवढेही सांगावे की प्रत्येक अहवाल तारखेसह जपून ठेवावा आणि पुढील तपासणी जमल्यास त्याच प्रयोगशाळेत करावी, कारण दोन तासांनंतरची साखर ११८ वरून १३६ झाली असेल तर दोन्ही आकडे ‘नॉर्मल’ असूनही डॉक्टरांना त्यातून बरेच काही कळते.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका (जीवरसायनशास्त्र), मिरज